ग्राफिक्स ड्रायव्हरमधलं वाट बघणं: एकच फंक्शन करावं की चार राहू द्यावीत?

खाडीपलीकडची | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. तंत्र विभागात बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही रुक्ष विषयावर. सांभाळून घ्या.

महाप्याला एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे. कारखान्यातल्या मशीनवर लागणारे स्क्रीन आम्ही बनवतो. त्यातल्या ग्राफिक्स चिपचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा कोड, आमच्याच गळ्यात आहे. तो मुख्य कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) नाही, आमच्या रेपोतच वाढलाय आणि वाढता वाढता बिघडलाय.

हार्डवेअरची वाट बघणारा कोड त्यात जिथे तिथे आहे आणि ज्याने त्याने आपापल्या मनाने लिहिलाय. एका जागी रजिस्टरचा (चिपमधल्या छोट्या खणाचा) एक बिट लागेपर्यंत यूडिले(१), म्हणजे न झोपता मायक्रोसेकंदभर थांबणं, करत हजार फेऱ्या, तेही स्पिनलॉक धरून (हे कुलूप हातात असताना झोपायला मनाई). दुसरीकडे एमस्लीप(१)च्या, म्हणजे एकेक मिलिसेकंद झोपायच्या, पन्नास फेऱ्या, वर कॉमेंट ‘५० मिलिसेकंद थांबा’. व्हीब्लँकसाठी (स्क्रीनवरच्या दोन चित्रांमधली फट) वेट-इव्हेंट-टाइमआउट, म्हणजे कुणी उठवेपर्यंत किंवा वेळ संपेपर्यंत झोप. जीपीयूचं काम संपलं का हे कळायला डीएमए-फेन्स. टाइमआउट झाला की काही ठिकाणी एरर वर जाते, काही ठिकाणी लॉगमध्ये नुसता आरडाओरडा आणि पुढे चालू.

आमच्या टीम लीडचं म्हणणं, हे सगळं मोडून एकच फंक्शन करू. अट द्यायची, टाइमआउट द्यायचा, झोपायचं की नाही, सिग्नल आला तर उठायचं की नाही, सगळं फ्लॅगने, म्हणजे हो-नाहीच्या खुणेने. ऐकायला छान वाटतं, पण मला ते पटत नाहीये आणि का पटत नाहीये ते नीट मांडता येत नाहीये. गुरुवारी रिव्ह्यू आहे. तुम्ही काय कराल?

---

ढोकाळीकर | सोमवार, रात्री १०:४४

पहिला! आता वाचतो.

---

ढोकाळीकर | सोमवार, रात्री १०:५१

वाचलं. उगाच पहिला आलो.

---

रजिस्टरराव | सोमवार, रात्री ११:३०

चांगला विषय काढलात ताई. लीडला सरळ एक प्रश्न विचारा: ‘तुमच्या एकुलत्या एक फंक्शनने शून्य परत दिलं, तर काय झालं समजायचं?’

कर्नलमधले पोल मॅक्रो (अट पुन्हा पुन्हा वाचून बघणारे), म्हणजे आयओपोल हेडरमधले रीड-पोल-टाइमआउट वगैरे, काम झालं की शून्य देतात आणि वेळ संपली की उणे ईटाइम्डआउट. वेट-इव्हेंट-टाइमआउटचं बरोबर उलटं. तिथे शून्य म्हणजे वेळ संपली आणि अट अजून खोटीच. काम झालं तर धन आकडा, म्हणजे किती जिफी (कर्नलच्या घड्याळाचे ठोके) उरले ते. अगदी शेवटच्या क्षणी अट खरी झाली तर १. वेट-फॉर-कम्प्लिशन-टाइमआउटचं तसंच. डीएमए-फेन्स-वेट-टाइमआउटही त्याच घराण्यातलं, पण त्याच्या शेजारचं साधं डीएमए-फेन्स-वेट मात्र शून्याला यश म्हणतं!

आता कुणीतरी पोलिंगचा कोड काढून तिथे वेट-इव्हेंट-टाइमआउट बसवतो आणि खालची ‘रेट शून्य नसेल तर रेट परत द्या’ ही ओळ तशीच ठेवतो. कंपायलर गप्प. निकाल असा की काम झालं की वर सदतीस नंबरची कसलीतरी एरर जाते आणि टाइमआउट झाला की सगळं आलबेल. बरं, टेस्टिंगमध्ये हे पहिल्याच दिवशी दिसतं असंही नाही, कारण बरेच कॉलर परतीची किंमत बघतच नाहीत.

दुसरा मुद्दा त्या पन्नास फेऱ्यांचा. एमस्लीप जिफीवर चालतं. एचझेड १०० असलेल्या, म्हणजे सेकंदाला शंभर ठोक्यांच्या, कर्नलवर एमस्लीप(१) म्हणजे २० मिलिसेकंदांपर्यंत झोप. चेकपॅच (पॅच तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) हीच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगतं आणि आपण दुर्लक्ष करतो. म्हणजे ‘५० मिलिसेकंद’ लिहिलेला तो टाइमआउट प्रत्यक्षात एक सेकंदापर्यंत गेलेला असू शकतो. तुम्ही केटाइम (कर्नलचं बारीक घड्याळ) वापरून तो अगदी काटेकोर ५० चा केलात, की इतकी वर्षं गुपचूप दीडशे-दोनशे मिलिसेकंद घेणारं हार्डवेअर त्या दिवसापासून नापास. आणि दोष तुमच्या पॅचवर.

---

घोडबंदरी | सोमवार, रात्री ११:४८

मग चालतंय त्याला हात कशाला लावायचा? रावांनीच सिद्ध केलं की हात लावला तर मोडेल. गिऱ्हाईकाकडे स्क्रीन चालू आहेत ना? ‘कोड कुरूप आहे’ हे कारण होऊ शकत नाही. रिफॅक्टरिंग हा अप्रेझलच्या आधी येणारा आजार आहे. (हलके घ्या)

---

खाडीपलीकडची | मंगळवार, सकाळी ८:५५

@घोडबंदरी, हात लावायचं कारण आहे, लिहायचं राहिलं. नवीन गिऱ्हाईकाला रिअल-टाइम कर्नल (ठरल्या वेळेत प्रतिसाद देणारा, म्हणजेच प्रीएम्प्ट-आरटी) हवाय. प्रीएम्प्ट-आरटी २०२४ मध्ये ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्येच आलंय, त्यामुळे ‘आमच्याकडे होत नाही’ असं म्हणायची सोय उरली नाही. स्पिनलॉक धरून मिलिसेकंदभर फेऱ्या मारणारा कोड तिथे लपत नाही.

@रजिस्टरराव, शून्याचा मुद्दा लिहून घेतला. ट्रेनमध्ये आहे, रबाळे आलं, घणसोलीला उतरायचंय. बाकी रात्री.

---

तलावपाळी | मंगळवार, सकाळी ९:२०

मी वेब डेव्हलपर, त्यामुळे मला झेपेल तसं मांडून बघतो. चुकलं तर कान धरा. कुरिअर यायचंय. दर पाच मिनिटांनी बाल्कनीतून डोकावणं म्हणजे पोलिंग, आणि वॉचमनने इंटरकॉम करेपर्यंत झोपणं म्हणजे इंटरप्ट. मग सरळ सगळीकडे वॉचमनच का नाही ठेवत?

---

रजिस्टरराव | मंगळवार, सकाळी १०:०२

@तलावपाळी, कान धरायची गरज नाही. पण वॉचमन सगळीकडे नसतो. चिपमधल्या बऱ्याच गोष्टींना इंटरप्टच नसतो. पीएलएल (चिपला घड्याळ पुरवणारं सर्किट) लॉक, म्हणजे स्थिर, झालं का, हे चिप आपणहून सांगत नाही, स्टेटस बिट वाचूनच बघावं लागतं. शिवाय जी गोष्ट दहा मायक्रोसेकंदात होते तिच्यासाठी झोपून उठण्यातच त्याहून जास्त वेळ जातो.

तुमच्याच उदाहरणात खरी मेख वेगळी आहे. तुम्ही बाल्कनीतून बघितलंत, कुणी नाही. आत आलात, आडवे झालात. या दोहोंच्या मधे इंटरकॉम वाजून गेला. आता तुम्ही कायमचे झोपलात.

---

ढोकाळीकर | मंगळवार, सकाळी १०:०६

आमच्या सोसायटीत वॉचमनच झोपलेला असतो. ते कुठल्या फ्लॅगने दाखवायचं?

---

पामबीच_पक्षी | मंगळवार, दुपारी १:१५

@ढोकाळीकर, हहपुवा. पण ते खरंच असतं, इंटरप्ट हरवणं. म्हणून तर वेट-इव्हेंटलाही टाइमआउट देतात.

रावांनी सांगितलेली मेख म्हणजे ‘हरवलेला वेकअप’. ‘अट बघ, खोटी असेल तर झोप’ असं हाताने लिहिलं की ती फट राहते. वेट-इव्हेंट आधी स्वतःला रांगेत लावतं, टास्कची अवस्था ‘झोपलेला’ अशी करतं, आणि मग अट तपासतं. मधेच कुणी उठवलं तर अवस्था पुन्हा ‘चालू’ होते आणि नंतरचं शेड्यूल झोपवत नाही. हा क्रम कुणीही ‘सोपा करून’ बदलू नये. ताई, तुमचं एकच फंक्शन ही रांग कुठून आणणार? पोलिंगला रांग नसते, इव्हेंटला असते. म्हणजे फंक्शनला रांगेचा पॉइंटर द्यायचा आणि पोलिंगवाल्यांनी तिथे नल (रिकामा पॉइंटर) द्यायचा. पहिला वास तिथेच येतो.

आता झोपायचं की नाही या फ्लॅगबद्दल, कारण माझा मुख्य आक्षेप त्यावर आहे. डीआरएममध्ये (कर्नलच्या ग्राफिक्स विभागात) डीआरएम-कॅन-स्लीप नावाचं फंक्शन आहे. ‘सध्या झोपता येईल का’ हे ते स्वतःच ओळखायचा प्रयत्न करतं. त्याच्या डोक्यावरच कॉमेंट आहे की याचे सगळे वापर काढून टाकायला हवेत. कारण ते इन-ॲटॉमिकवर (‘इथे झोपायला मनाई आहे का’ हे सांगणारं) विसंबून आहे, आणि प्रीएम्प्ट काउंट बंद असलेल्या कर्नलमध्ये तुम्ही साधा स्पिनलॉक धरलाय हे इन-ॲटॉमिकला समजतच नाही. म्हणजे फंक्शन खुशाल ‘झोपा’ म्हणणार. तुम्ही फ्लॅग कॉलरकडून घेणार असाल तर थोडं बरं, पण तो फ्लॅग तीन थर वरून खाली येताना कुणी तरी ‘ट्रू’ ठोकून देतोच.

इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरने म्हणूनच दोन नावं ठेवली: वेट-फॉर आणि वेट-फॉर-ॲटॉमिक. नाव वाचलं की कळतं इथे झोप आहे की नाही. रिव्ह्यू करणाऱ्याला फ्लॅगच्या मागे धावावं लागत नाही.

---

घोडबंदरी | मंगळवार, दुपारी १:४०

आरटीचं कारण असेल तर माझा विरोध मागे. पण आय९१५ चं कौतुक जरा जपून. त्यांनी स्वतःचे मॅक्रो लिहिले, अख्ख्या कर्नलने वेगळे, आणि मग २०२५ मध्ये डिस्प्लेच्या कोडमधले वेट-फॉर काढून पोल-टाइमआउट-यूएसवर यायला लागले. म्हणजे शेवटी एकीकडेच आले ना? मग लीड काय चुकीचं म्हणतोय?

---

पामबीच_पक्षी | मंगळवार, दुपारी २:३०

चांगला मुद्दा, आणि अर्धा बरोबर. ते एका *जातीच्या* वाटेपुरते एकीकडे आले. पोलिंग सगळं पोलिंगमध्ये. फेन्स आणि व्हीब्लँक कुणी त्यात कोंबले नाहीत.

त्या बदलातही फुकट काही मिळालं नाही. जुनं वेट-फॉर दहा मायक्रोसेकंदांपासून सुरू करून झोप दुप्पट दुप्पट करत मिलिसेकंदापर्यंत न्यायचं. नव्या मॅक्रोत झोपेचा आकडा ठरलेला असतो, तो प्रत्येक ठिकाणी विचार करून द्यावा लागतो. तीस मायक्रोसेकंदात होणाऱ्या कामाला मिलिसेकंदाची झोप दिली तर मोडसेट (स्क्रीनची मांडणी लावणं) रेंगाळतो. अर्धा सेकंद लागणाऱ्या कामाला दहा मायक्रोसेकंद दिले तर सीपीयू उगाच हजारो वेळा जागा होतो. ‘दुप्पट करत जाणं’ हे आळशी माणसाचं शहाणपण होतं, असं माझं मत.

---

रजिस्टरराव | मंगळवार, दुपारी ३:१०

आळशी का? हार्डवेअरचं मॅन्युअल वेळ सांगत नसेल तर दुप्पट करत जाण्यासारखा प्रामाणिक मार्ग नाही. ठरलेला आकडा लिहिणारा माणूस बहुतेक वेळा अंदाजच लिहितो, फक्त तो अंदाज आहे हे लपतं.

---

पामबीच_पक्षी | मंगळवार, दुपारी ३:२२

मॅन्युअल सांगत नसेल तर मोजा की! फेन्सच्या वाटेला ट्रेसपॉइंट (वेळेची नोंद देणाऱ्या खुणा) तयारच आहेत, वेट-स्टार्ट आणि वेट-एंड. पोलिंगला स्वतः दोन ओळी टाका, एफट्रेसमध्ये (कर्नलच्या नोंदवहीत) दिसतं.

---

कळव्याचा_कार्टा | मंगळवार, संध्याकाळी ५:४५

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. निम्मं डोक्यावरून गेलं पण मजा आली. दादा-ताई, असलं काम शिकायचं तर सुरुवात कुठून करू? माझ्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही, लॅपटॉप साधा आहे. आणि असल्या नोकऱ्या आपल्याकडे मिळतात की बंगळुरूच गाठायचं?

---

पामबीच_पक्षी | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

कार्ड लागत नाही. कर्नलमध्ये व्हीकेएमएस नावाचा आभासी डिस्प्ले ड्रायव्हर २०१८ पासून, ४.१९ च्या वेळेपासून आहे. त्यात व्हीब्लँक खऱ्या हार्डवेअरऐवजी टायमरने येतो. क्यूईएमयूमध्ये (आभासी संगणकात) कर्नल बांध, व्हीकेएमएस चढव, आणि आयजीटीच्या (ग्राफिक्स ड्रायव्हर तपासायच्या) टेस्ट त्यावर चालवून बघ. कर्नल बांधताना ‘डीबग ॲटॉमिक स्लीप’ आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारा) चालू ठेव. मग मुद्दाम स्पिनलॉकमध्ये एमस्लीप टाक आणि कर्नल कसा शिव्या घालतो ते वाच. त्या शिव्या वाचता आल्या की निम्मा रस्ता संपला.

---

ढोकाळीकर | मंगळवार, संध्याकाळी ६:४१

आणि उरलेला निम्मा घोडबंदरला.

नोकरीबद्दल: ऐरोली, घणसोली, महापे, वागळे इस्टेट इथे बोर्ड बनवणारी छोटी दुकानं असतात. पाट्यांवर ‘कर्नल’ लिहिलेलं नसतं, आत गेल्यावर कळतं.

---

सोल्डरगन | मंगळवार, रात्री ९:०५

इतका वेळ गप्प बसून वाचत होतो. मी हार्डवेअरवाला. तुम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ‘वाट बघण्याचा कोड’ म्हणता त्यातलं निम्मं वाट बघणं नसतंच, हे कुणीतरी बोललं पाहिजे.

ईडीपी पॅनेल घ्या, लॅपटॉपला असतो तसा पडदा. वीज काढल्यावर पुन्हा द्यायच्या आधी ५०० मिलिसेकंद थांबावं लागतं, टी-१२ म्हणतात त्याला. तिथे कुठलाही बिट बघायचा नाही, कुठलीही अट नाही. पॅनेलच्या आतले कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ हवा, बास. असल्या जागी एमस्लीप दिसला की रिफॅक्टरिंगवाल्याचे हात शिवशिवतात: ‘अरे इथे आंधळी झोप आहे, इथे स्टेटस पोल करू.’ कंट्रोलरचा स्टेटस लगेच ‘पॉवर ऑफ’ सांगतो, हा खूश होऊन लगेच पॉवर ऑन करतो. दहा वेळा चालतं, अकराव्या वेळी पडदा काळा. आणि फोन मला येतो. माझी विनंती: असल्या जागांना वेगळं नाव द्या, ‘पॅनेलची सक्तीची विश्रांती’ असं काहीतरी, आणि डेटाशीटचा पान नंबर कॉमेंटमध्ये टाका.

दुसरं दुखणं. रजिस्टरला लिहिलं आणि लगेच यूडिले(१०). पीसीआयवर (चिपकडे जाणाऱ्या बसवर) लिहिणं पोस्टेड असतं, सीपीयूने लिहिलं म्हणजे चिपपर्यंत पोचलं असं नाही. तुमचे दहा मायक्रोसेकंद संपत आले तरी लिहिलेलं वाटेतच असू शकतं. म्हणून जुने लोक मधे तेच रजिस्टर एकदा वाचतात आणि वाचलेली किंमत फेकून देतात. वाचणं पूर्ण व्हायला आधीचं लिहिणं पोचावंच लागतं. ती ओळ दिसायला बिनकामाची दिसते. मी ती ‘अनयूज्ड रीड काढलं’ अशा मथळ्याच्या पॅचमध्ये शहीद होताना बघितली आहे.

तिसरं आणि शेवटचं, मग जेवायला जातो. चिप बसवरून गळली, वीज गेली, स्लॉट हलला, तर रजिस्टर वाचल्यावर सगळे बिट एक येतात, एफएफएफएफएफएफएफएफ. तुमची अट ‘रेडी बिट लागला का’ अशी असेल तर ती पहिल्याच फटक्यात खरी! मेलेली चिप सर्वांत चपळ दिसते. पोलिंगचं एकच फंक्शन करणार असाल तर निदान चिप मेली आहे का हे बघण्याचा चेक त्या एका जागी टाका. एकीकरणाचा खरा फायदा मला तेवढाच दिसतो.

---

घोडबंदरी | मंगळवार, रात्री ९:२०

‘मेलेली चिप सर्वांत चपळ दिसते’ हे मी ऑफिसात भिंतीवर लावणार.

---

रजिस्टरराव | मंगळवार, रात्री १०:१०

सोल्डरगन, दंडवत. त्यात एकच भर. सगळे बिट एक ही काही रजिस्टरांची खरीखुरी किंमतही असू शकते. म्हणून चेक सरसकट नको. संशय आला तर जे रजिस्टर कधीच तसं असू शकत नाही, उदाहरणार्थ चिपची ओळख सांगणारं, ते वाचून खात्री करायची.

आणि ताई, पोलिंगचं फंक्शन स्वतः लिहिणार असाल तर फेरीचा क्रम सांभाळा. अट बघितली, खोटी. तेवढ्यात शेड्यूलरने तुम्हाला बाजूला केलं, परत आलात तेव्हा वेळ संपलेली. लगेच ‘टाइमआउट’ म्हणालात तर खोटं बोललात, कारण मधल्या काळात अट खरी झालेली असू शकते. आधी घड्याळ बघायचं, मग अट बघायची, आणि अट खोटी असेल तरच आधी बघितलेल्या घड्याळावरून निकाल द्यायचा. कर्नलचे मॅक्रो वेळ संपल्यावर अट शेवटची एकदा बघतात ते याचसाठी. सीपीयूवर लोड असताना कधीमधी येणारे भुताटकी टाइमआउट बहुतेक इथलेच असतात.

---

वाशीवाली | बुधवार, सकाळी ११:१५

सिग्नलबद्दल कुणीच बोललं नाही? यूजरस्पेसमधून (ॲपच्या बाजूने) आयओसीटीएलने (ड्रायव्हरला केलेल्या कॉलने) वाट बघत असाल आणि सिग्नल आला, तर उणे ई-रीस्टार्ट-सिस, म्हणजे ‘मधेच उठवलं, पुन्हा सुरू करा’. लिबडीआरएम (ॲपच्या बाजूची लायब्ररी) ईइंटर (‘मधेच थांबवलं’ ही एरर) मिळालं की आयओसीटीएल पुन्हा मारतं. टाइमआउट ‘आत्तापासून इतका वेळ’ असा सापेक्ष दिला असेल तर दर सिग्नलला घड्याळ पुन्हा शून्यापासून. ॲपमध्ये टायमर सिग्नल धडाधड येत असतील तर तो टाइमआउट कधीच संपत नाही. सिंकऑब्जच्या (ॲपच्या हातात दिलेल्या फेन्सच्या) वाटेत टाइमआउट म्हणूनच निरपेक्ष वेळेचा ठेवलाय.

उलट बाजूने, सिग्नलने न उठणारी झोप सगळीकडे टाकली तर प्रोसेस डी अवस्थेत अडकते, किल मारूनही मरत नाही, आणि दोन मिनिटांनी हंग-टास्कची रडगाणी लॉगमध्ये. डिस्प्ले कमिटच्या (ठरलेला बदल स्क्रीनवर लावण्याच्या) आत मात्र तीच हवी, अर्धा मोडसेट सोडून पळता येत नाही. थोडक्यात, हाही फ्लॅग नाही, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं.

---

ढोकाळीकर | बुधवार, सकाळी ११:३०

रच्याकने, हा धागा चालू असेपर्यंत एकदा ठाण्यात भेटूया का? मामलेदारची मिसळ आणि स्पिनलॉक. शनिवारी सकाळी?

---

सोल्डरगन | बुधवार, सकाळी ११:३४

येतो. तिखट मध्यम.

---

तलावपाळी | बुधवार, दुपारी १२:०५

मीही. कुरिअर येऊन गेलं, मी बाल्कनीत होतो.

---

खाडीपलीकडची | बुधवार, रात्री ११:०५

आज दिवसभर तुमच्या प्रतिसादांची प्रिंट घेऊन कोडभर फिरले.

पामबीचने सांगितल्याप्रमाणे मोजलं. त्या ‘५० मिलिसेकंद’वाल्या जागी अट बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या फेरीतच खरी होते. पण बोर्ड रात्रभर बंद ठेवून सकाळी चालू केला की १८० च्या आसपास लागतात. रावांचा अंदाज तंतोतंत. हा आकडा आता लीडला दाखवणार आहे. कॉमेंटमधला आकडा कुणीच कधी तपासला नव्हता.

स्पिनलॉकमधल्या हजार फेऱ्या बघितल्या, त्या पीएलएलसाठी आहेत. लॉक एका यादीच्या रक्षणासाठी आहे, रजिस्टरशी त्याचा काही संबंधच नाही. पीएलएलचं काम लॉकच्या बाहेर काढता येतं. मग तिथे झोपता येतं आणि आरटीचा प्रश्नच मिटतो. फ्लॅगवाल्या फंक्शनमध्ये हे कधी दिसलंच नसतं, ‘झोपू नका’ फ्लॅग देऊन मी पुढे गेले असते.

एक प्रश्न उरलाय. फेन्सचं काय करू? तिथेही एक ‘सोय’ म्हणून लिहिलेलं फंक्शन आहे, जे काम संपल्याचं जाहीर करायच्या वाटेवर मेमरी मागतं.

---

पामबीच_पक्षी | बुधवार, रात्री ११:४०

ते लगेच थांबवा, बाकी सगळं नंतर. फेन्स सिग्नल होण्याच्या वाटेवर जीएफपी-कर्नलने (गरज पडली तर थांबून राहणाऱ्या पद्धतीने) मेमरी मागायची नाही. मेमरी कमी असली की कर्नल रिक्लेम करायला (वापरातली मेमरी सोडवायला) जातो, रिक्लेम एखाद्या बफरच्या फेन्सची वाट बघू शकतो, आणि तो फेन्स तुमचाच असला की दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. लागेल ती मेमरी काम चिपकडे पाठवायच्या आधीच घेऊन ठेवायची. २०२० पासून लॉकडेपसाठी डीएमए-फेन्स-बिगिन-सिग्नलिंग आणि एंड-सिग्नलिंग अशा खुणा आहेत. त्या दोन ओळी टाका, लॉकडेप चालू करा, प्रत्यक्ष डेडलॉक न होताही तो चूक दाखवतो. या गोष्टीला रिफॅक्टरिंग म्हणू नका, बग म्हणून वेगळा पॅच द्या.

---

घोडबंदरी | बुधवार, रात्री ११:५२

आणि पॅच बारीक ठेवा. आधी वागणूक अजिबात न बदलता नुसती जागा बदला, टाइमआउटचे आकडे होते तसेच ठेवून. मग वागणूक बदलणारे पॅच एकेक. उद्या काही मोडलं तर गिट बायसेक्ट नेमक्या पॅचवर नेऊन सोडेल. सगळीकडे सारखीच फेरबदली असेल तर हाताने न करता कॉक्सिनेलचा (कोडमध्ये नियमाने फेरबदल करणारं साधन) सिमँटिक पॅच लिहा. हाताने केलं की चाळिसाव्या जागी डोळा लागतो.

(होय, परवा ‘हात लावू नका’ म्हणणारा मीच.)

---

खाडीपलीकडची | गुरुवार, रात्री ९:३०

रिव्ह्यू झाला. दोन तास चालला, चहा दोनदा आला.

ठरलं ते असं. पोलिंगपुरते कर्नलचेच मॅक्रो, आमचा वेगळा शोध नाही. त्यावर दोन पातळ फंक्शनं, एक झोपणारं, एक न झोपणारं, नावातच कळेल असं. मेलेल्या चिपचा चेक त्या दोघांत, ओळख-रजिस्टर वाचून. पॅनेलच्या सक्तीच्या झोपा वेगळ्या, पान नंबरासकट. व्हीब्लँकला वेट-इव्हेंट तसंच राहील, फक्त ड्रायव्हरभर शून्य म्हणजे यश असा नियम आणि जिफीचा आकडा त्या पातळीच्या वर जाणार नाही. फेन्सचा बग आधी.

लीडने एका गोष्टीवर माघार घेतली नाही आणि मला ते शेवटी पटलं. मी म्हणत होते, टाइमआउट झाला की सगळीकडे एरर वर गेलीच पाहिजे, ‘ओरडा आणि पुढे चालू’ हा गलथानपणा आहे. तो म्हणाला, ॲटॉमिक मोडसेटमध्ये ‘होणार नाही’ म्हणायची जागा ॲटॉमिक-चेक, म्हणजे बदल लावायच्या आधीची तपासणी. एकदा कमिट सुरू झालं की शेवटच्या टप्प्यातून यूजरस्पेसला एरर द्यायची सोयच नाही. नॉन-ब्लॉकिंग कमिटमध्ये तर आयओसीटीएल केव्हाच परत गेलेलं असतं. तिथे अर्ध्यातून परतलो तर उरलेला अर्धा पाइप चालूच होत नाही आणि पुढचं कमिट मागच्याची वाट बघत बसतं. तेव्हा त्या जागी लॉगमध्ये ओरडून पुढे जाणंच बरोबर. मग मी परत सगळ्या जागा चाळल्या. कमिटच्या आतल्या जवळजवळ सगळ्या ठिकाणी जुन्या माणसाने ओरडाच ठेवला होता आणि प्रोबमध्ये (ड्रायव्हर सुरू होताना) सगळीकडे एरर परत दिली होती. त्याने कॉमेंट टाकली असती तर माझी एक रात्र वाचली असती, पण कोड बरोबर होता.

---

सोल्डरगन | गुरुवार, रात्री ९:४१

तो जुना माणूस आता कुठे असतो? शनिवारी मिसळीला बोलवा.

---

खाडीपलीकडची | गुरुवार, रात्री ९:५०

निवृत्त होऊन डोंबिवलीला असतात. फोन केला होता. म्हणाले, ‘पीएलएलचं लॉकच्या बाहेर काढलंस ना? मला तेव्हा वेळ नव्हता.’ शनिवारी येतायत, आठला. उशीर केलात तर जागा मिळणार नाही.